न मारता घडणारी हिंसा

शेकरू झाडाच्या शेंड्यावर जन्मते आणि बहुतेक सारे आयुष्य तिथेच काढते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी म्हणजे दीड-दोन किलो वजनाची मोठी खार. शेपूट अंगाहूनही लांब. उंबर किंवा जांभूळ खाताना ते मागच्या पायांनी फांदी पकडून उलटे लोंबकळते, पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडते, आणि शेपूट तोल सांभाळते. डहाळ्या-पानांचे गोल घरटे ते बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधते, कारण जड शिकारी तिथवर पोचत नाही. एकटे शेकरू अशी अनेक घरटी बांधते. या झाडावरून त्या झाडावर ते सहा मीटरपर्यंत झेप घेते. त्याहून जास्त अंतर पडले, की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे ते सहज शिकार होते.

अहिंसेचा अवघड प्रश्न इथेच उभा राहतो. भीमाशंकरच्या रानात दोन झेपांमधले एखादे अंजनीचे झाड कोणी तोडले, तर शेकराला कोणी हात लावलेला नसतो. तोडणाऱ्याच्या मनात राग नसतो, कदाचित वर घरटे आहे हेही त्याला ठाऊक नसते. मग ही हिंसा म्हणायची का? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमादामुळे, म्हणजे बेसावधपणामुळे, होणाऱ्या प्राणहानीला हिंसा म्हटले आहे. हा निकष लावला, तर ‘ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. वर पाहायचे राहून गेले, हाच दोष.

पण प्रत्येक कुऱ्हाडीमागे इतकी सावध नजर असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. सह्याद्रीतल्या देवराईने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. रान देवाचे ठरवले आणि कित्येक राईंमध्ये वाळकी काटकी उचलण्यालाही बंदी घातली. त्यामुळे शेकरू कुठे राहते हे कोणाला माहीत असण्याची गरजच उरली नाही. झाडांचे छत अखंड राहिले. या नियमामागे देवाची भीती होती, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. मोल कमी होते ते श्रद्धा झाडांवरून उठून केवळ मूर्तीवर बसते तेव्हा. काही गावांनी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडे विकली. तिथे देवळाचा कळस उंच झाला आणि देवाचे रान गेले. ज्या देवराईत झाड उरले नाही, तिथे पूजा चालू असली तरी अहिंसा मोडलेली आहे.