न मागितलेले करडू



उधळ्या पुत्राचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की, धाकटा मुलगा घरी परतला आणि बापाने त्याला मिठी मारली की आपले कान मिटतात. गोष्ट संपली असे आपल्याला वाटते. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती तिथे संपत नाही. थोरला मुलगा दिवसभर शेतात होता. घराजवळ येताच त्याला गाण्याबजावण्याचा आणि नाचण्याचा आवाज ऐकू येतो आणि तो बाहेरच थांबतो. नोकराला बोलावून चौकशी करतो. बाप बाहेर येऊन विनवतो तेव्हा त्याची वर्षानुवर्षांची तक्रार बाहेर पडते. एवढी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर आनंद करायला एक करडूसुद्धा मिळाले नाही, असे त्याचे म्हणणे.

आपण या थोरल्याला मत्सरी म्हणतो आणि पुढे जातो. तो मत्सरी होताच. पण त्याच्या तक्रारीत मित्रांचा उल्लेख आहे, त्याकडे जरा लक्ष देऊ या. म्हणजे त्याला मित्र होते. त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ घालवावी असे त्याच्या मनात कित्येकदा आलेही असेल. आणि बाप काय उत्तर देतो? जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे, अशा अर्थाचे. करडे त्याच्याच गोठ्यात होती. त्याने कधी मागितले नाही, कधी सोडून घेतले नाही. कामाशिवाय दुसरे काही आपल्याला शोभत नाही, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते.

आपल्या भागात असे थोरले मुलगे घरोघरी सापडतील. मोहाडी तालुक्यातील करडी आणि आसपासची गावे म्हणजे धानाचा पट्टा. पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणी, निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे त्याला लगेच उन्हाळी धानाची घाई. बांधीतल्या चिखलात पाठ वाकवून दिवस काढलेल्या माणसाला रात्री कोणी म्हटले, या बसा, कॅरमचा एक डाव खेळू, तर तो हसतो. मुलांची कामे, म्हणतो. त्याचे हसू आम्हाला समजते. पण त्या हसण्यात थोडे दुःखही आहे, असे आम्हाला वाटते.

तरी याच भागाने आनंदाची एक रीत जपून ठेवली आहे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. लेकी सासरहून येतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार होते आणि रात्री नाटक. वडसा येथून निघालेल्या झाडीपट्टीच्या मंडळ्या रात्रभर प्रयोग करतात आणि लोक पोती, चटया अंथरून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले. आपली ख्रिस्ती कुटुंबे या भागात थोडी आहेत, पण मंडईच्या गर्दीत कोण कोणत्या धर्माचा हे कोणी विचारत नाही. शेजाऱ्याच्या चटईवर शेजारी बसतो. (रात्रभर कर्णे लावून आजारी माणसाची झोप मोडणे ही मात्र मंडईची रीत नव्हे, तेवढे बोलून टाकतो.)

काही भाविक म्हणतात, हे सगळे ठीक, पण धर्मनिष्ठ माणसाने गाणी ऐकणे, कार्टूनचे सिनेमे पाहणे, पटावर सोंगट्या सरकवणे यात वेळ घालवावा काय? तेवढ्या वेळात एक रोझरी होईल. या प्रश्नाचे उत्तर ज्या संताने नीट दिले, त्याचे नाव आपल्या जवळच आहे. नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे आणि त्यांचेच नाव घेतलेल्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात आले. या संताने 1609 साली भक्तिमय जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते मठातील साधूंसाठी नव्हते, संसारी माणसांसाठी होते. त्यात करमणुकीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मोकळ्या हवेत फिरणे, मित्रांशी हसतखेळत बोलणे, वाद्य वाजवणे, गाणे या गोष्टी ते खुशाल करा म्हणतात. बुद्धिबळासारखे खेळही ते चांगले मानतात. फक्त त्यांत फार वेळ आणि जीव गुंतू देऊ नका, असे बजावतात. पाच-सहा तास बुद्धिबळ खेळून उठलेल्या माणसाचे डोके शिणते, मग त्याला विसावा कसा म्हणायचा, असे त्यांचे साधे म्हणणे आहे.

तिथेच ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. प्रेषित योहान हातावर तितर पक्षी घेऊन त्याला कुरवाळत बसले होते. एका शिकाऱ्याला नवल वाटले. एवढा मोठा माणूस आणि पाखराशी खेळतो! योहानांनी त्याला विचारले, तुझे धनुष्य तू सदा ताणून का ठेवत नाहीस? शिकारी म्हणाला, तसे केले तर त्याचा जोर जाईल. मग मनाचे काय वेगळे, अशी योहानांची समजूत. संत थॉमस अक्वायनस यांनीही तेराव्या शतकात हीच गोष्ट सांगून पुढे एक गोष्ट ठणकावली आहे. विसाव्याची जागा खेळ भरून काढतो, आणि योग्य प्रमाणात खेळता येणे हा सद्गुण आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याच्यात ते दोष पाहतात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि स्वतः प्रभू येशूकडे पाहा. बाजारात बसलेली मुले लग्नाचा आणि मयताचा खेळ खेळतात, एक गट पावा वाजवतो आणि दुसरा नाचायला तयार नसतो, हे मत्तय आणि लूक या दोघांनी त्याच्या तोंडून नोंदवले आहे. ज्याने थांबून मुलांचा खेळ पाहिला, त्यालाच त्यांचे रुसवे ठाऊक असतात. गालीलातील काना येथे त्याने लग्नघरी पहिले चिन्ह केले. तो खातो, पितो, लोकांत मिसळतो, ही तर त्याच्याविरुद्धची तक्रार होती.

मग भीती कशाची बाळगायची? संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या नशिबाच्या खेळांना सरळ नकार दिला. कारणही दिले. तिथली कमाई कष्टाची नसते आणि जिंकण्याचा सगळा आनंद समोरच्याच्या नुकसानीवर उभा असतो. चारशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आज आपल्या खिशातल्या मोबाइलला लागू पडतात. रमीच्या आणि पैजेच्या ॲपवर धान विकून आलेली रक्कम गेलेली घरे आपल्याला माहीत आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. कायदा आपले काम करील, पण रात्री दोन वाजता अंथरुणात एकटाच पडद्यावर बोट फिरवणारा मुलगा कायद्याला दिसत नाही. तो घरच्यांनाही दिसत नाही. सारीपाटावर, कॅरमवर, लुडोवर समोर माणूस बसलेला असतो. तुम्ही हरलात तर त्याला कळते, तुम्ही उदास असलात तर तेही कळते. आमचा भर इथे आहे. खेळ कोणता याहून, समोर कोण बसले आहे, हे आधी विचारावे.

म्हणून आम्हाला सापशिडी आवडते. हा खेळ आपल्याकडचाच. मोक्षपट या नावाने तो ओळखला जात असे आणि परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. पुण्याचे अने शाळांतले बक्षिसे मिळवणारे मूल असो की पाढे न आलेले, आजोबा असोत की नात, फाशापुढे सगळे सारखे. अठ्ठ्याण्णववर साप आजोबांनाच गिळतो तेव्हा नातीला जो आनंद होतो, तो पैशाने मिळत नाही. बुद्धिबळाची गोष्ट वेगळी. तिथे कौशल्य लागते. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्याकडच्या किती मुलींनी पट मागितला असेल! त्यांना तो घेऊन द्या. आविलाच्या संत तेरेजा यांना हा खेळ चांगला ठाऊक होता. आपल्या भगिनींना प्रार्थना शिकवताना त्यांनी बुद्धिबळाचा दाखला दिला, आणि स्पेनमध्ये 1944 साली त्यांना बुद्धिबळपटूंची आश्रयदाती संत म्हणून जाहीर करण्यात आले.

आता चित्रपटांविषयी. ॲनिमेशनचे सिनेमे म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी दादासाहेब फाळके यांची आठवण ठेवावी. मुंबईत 1910-11 च्या सुमारास त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, नंतर पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखवला, आणि त्यातूनच त्यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना उभी राहिली. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यानंतर 1915 साली याच गंभीर माणसाने 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा पट केला. त्यात आगपेटीच्या काड्या आपोआप हलताना दिसतात. एकेक काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. किती धीराचे काम! लोकांना हसू यावे यासाठी कोणी एवढा धीर धरला, यात आम्हाला भक्तीच्या जवळचे काहीतरी दिसते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त 1995 साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, त्यातही वॉल्ट डिस्नेचा 'फँटेशिया' हा 1940 चा ॲनिमेशनपट आहे. बाख आणि बीथोव्हेन यांच्या संगीतावर चित्रे नाचवणारा हा पट शूबर्टच्या 'आवे मारिया'च्या सुरांवर संपतो. मुलांना तो जरूर दाखवावा. पण प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर पाहू नये. भिंतीवर पांढरी चादर बांधा, कोणाकडून प्रोजेक्टर आणा, नाही मिळाला तर एका घरचा टीव्ही ओसरीकडे वळवा. दहा मुले एकाच वेळी हसली की गंमत दहापट होते.

गाण्याचेही तसेच. नाताळात घरोघरी जाताना ढोलकी, पेटी आणि टाळ्या एवढ्यावर आपण किती गातो! मग जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ती पेटी कपाटावर धूळ का खाते? गाणारा गळा प्रत्येक घरात नसेल, पण ऐकणारे कान असतात आणि तेही बैठकीला लागतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला टोचते. आपली तरुण मुले नागपूर, पुणे, हैदराबाद येथे कामाला गेली आहेत. सणाला येतात तेव्हा त्यांचे जुने मित्र जमतात, रात्री हसण्याचा आवाज येतो, छान वाटते. पण त्या वर्तुळाच्या बाहेर कोणीतरी उभा असतो. गावातच राहिलेला, लग्न न जमलेला, दारूतून नुकताच बाहेर पडलेला, किंवा आईच्या आजारपणामुळे घराबाहेर न पडणारा. त्याला कोणी नाही म्हटलेले नसते, पण कोणी ये असेही म्हटलेले नसते. तो अंगणातून आवाज ऐकतो आणि घरी जातो. दाखल्यातल्या बापाने काय केले ते पाहा. मेजवानी चालू असताना, पाहुणे आत असताना, तो स्वतः उठून अंधारात बाहेर गेला. चाकराला पाठवले नाही. थोरल्याने रागाने बोललेले सगळे त्याने ऐकून घेतले आणि विनवत राहिला.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या दारात दोन मिनिटे थांबा. कोणाच्या ओसरीवर बसायचे ते तिथेच ठरवा. ज्यांच्या माळ्यावर कॅरमबोर्ड आहे त्यांनी तो खाली काढून ठेवावा. राणी हरवली असेल तर लाल बटण चालते. चहा आळीपाळीने करावा, म्हणजे एकाच घरच्या बाईवर भार पडणार नाही आणि तिलाही पटावर बसता येईल. आणि निघण्याआधी, जो इतकी वर्षे बोलावला गेला नाही, त्याच्या घरावरून जा. दार त्याची म्हातारी आई उघडील. तिला सांगा, आम्ही त्याला न्यायला आलो आहोत, चौथा गडी कमी पडतो आहे.