डोंगर कोणासाठी जसाच्या तसा राहावा?

येथे स्थायिक झालेली आपली कुटुंबे अधूनमधून भारतात जातात. आप्तेष्टांच्या भेटीगाठी होतात, सिनेगॉगमध्ये प्रार्थना होते, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टप्प्यावर जाऊन येणे होते. ज्यांना तरुणपणी डोंगर चढण्याचा नाद होता, त्यांचे पाय मग माथेरानकडे वळतात. नेरळची चढण, गार्बटचे पठार, पेबचा किल्ला, सारे पुन्हा पाहायचे असते. परंतु परत आल्यावर पुष्कळांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते, "आमचे माथेरान आता राहिले नाही!"

या "आमचे" शब्दाचा आम्ही जरा विचार करू इच्छितो. डोंगर सोडून गेलेल्याचा डोंगरावर हक्क किती?

हातरिक्षांचेच उदाहरण घ्या. माथेरानात मोटारींना बंदी आहे आणि ती योग्यच आहे. २००३ साली हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. पण मोटार नाही म्हणून तांबड्या मातीच्या चढावर माणसाला बसवून माणसेच गाडी ओढीत आली. २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्यावर आपल्यातले काही हळहळतात, जुनी शोभा गेली म्हणतात. ही शोभा कोणाच्या छातीच्या भात्यावर चालली होती, हे मात्र विचारीत नाहीत.

उतारावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांचेही तसेच. पायवाट आपल्याला रम्य वाटते, कारण आपण ती हौसेने चढतो आणि संध्याकाळी गाडी पकडतो. आजाऱ्याला झोळीत घालून त्याच वाटेने खाली आणणाऱ्याला रस्ता हवासा वाटला, तर त्याला डोंगराचे प्रेम नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याचा अर्थ होईल तो बदल गोड मानावा असा नव्हे. झाडे तोडून हॉटेले उठवणे, दऱ्यांत प्लॅस्टिक टाकणे, याला विरोध केलाच पाहिजे. मग फरक कसा ओळखावा? आमच्या मते प्रश्न एकच विचारावा: या बदलाने कोणाचे ओझे उतरते आणि कोणावर चढते? माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरत असेल, तर आपल्या आठवणीला थोडी तोशीस लागली म्हणून कुरकुर करू नये. नफा एकाचा आणि ओझे डोंगरावर, झऱ्यावर व तिथल्या रहिवाशांवर पडत असेल, तर गप्प बसू नये. आणि उत्तर आपण ठरवण्याआधी तिथे राहणाऱ्यांना विचारावे.

हा विचार आपल्याला परका नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना "शनिवार तेली" म्हणत, कारण शब्बाथच्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत. त्या दिवशी तेल्याला विसावा मिळे, तसाच घाण्याच्या बैलालाही. ओढणाऱ्याच्या मानेवरचे जू एक दिवस तरी उतरले पाहिजे, ही शिकवण पाळली म्हणून ज्यांना नाव मिळाले, त्यांच्या वंशजांनी हातरिक्षेसाठी हळहळावे, हे शोभत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस माथेरानला जाल तेव्हा काय काय नाहीसे झाले याची यादी जरूर करा. फक्त प्रत्येक गोष्टीपुढे, ती टिकवण्याचे कष्ट कोण उपसत होते, तेही लिहा.