वाढलेल्या मोलाचा धनी

मुंबईत घराला 'जागा' म्हणण्याची रीत आहे. विवाह जुळविताना मुलीकडची मंडळी मुलाच्या शिक्षणाइतक्याच उत्सुकतेने त्याच्या जागेची चौकशी करतात, आणि तिच्यात केवळ निवाऱ्याची काळजी असते असे म्हणवत नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या दोन खोल्या आज विकल्या तर काय येईल, हा हिशेब राहणाऱ्याच्या मनात सदैव चालू असतो. त्यात लबाडी काहीच नाही. तरीही सहसा कोणी न विचारलेला एक नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे. भिंती जुन्या होत गेल्या, मालकाने एक खिळाही नवा ठोकला नाही, आणि मोल मात्र वाढले. तर हे वाढलेले मोल कोणाच्या श्रमाचे?

भिंतींचे ते निश्चितच नव्हे. ते भूमीचे आहे, आणि मुंबईची भूमी तर बऱ्याच अंशी समुद्रात भर टाकून माणसांनीच केलेली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली; रूळ जसजसे पुढे सरकले तसतसा दोन्ही अंगांच्या शेतांना भाव येत गेला. १८९२ मध्ये तानसा तलाव पुरा झाला, पुढे वैतरणा आणि भातसा. तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहावी लागते. विसाव्या मजल्यावरील सदनिकेच्या किमतीत हे पाणी धरलेले असते. पाडा कोणी धरीत नाही.

भूमीचे मोल समाज निर्माण करतो, म्हणून त्यातील वाढ कररूपाने समाजाकडे परत यावी, असे प्रतिपादन हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ मध्येच केले होते. तर्क म्हणून ते खोडणे अवघड आहे. अडखळते ते सामान्य माणसापाशी. खासगी कचेरीतला एखादा कारकून निवृत्तिवेतन नाही म्हणून, पोटाला चिमटा घेऊन, कर्जावर दुसरी सदनिका घेतो. त्याला जमीनदार कसे म्हणावे? तो ती भाड्यानेही देत नाही, कुलूप लावून ठेवतो. आणि त्याचे भय अगदीच निराधार नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठविली. भाडेकरू निर्धास्त झाला, मालकाने डागडुजी सोडली, आणि यथावकाश भाडेकरूच पागडी घेऊन खोली दुसऱ्याच्या हवाली करू लागला. दुर्बलासाठी दिलेले संरक्षणच विकाऊ माल ठरले. १९९९ च्या कायद्याने तर पागडीला मान्यताही दिली.

अर्थात भय समजून घेणे निराळे आणि त्याचा परिणाम निर्दोष ठरविणे निराळे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. त्याच गणनेत शहरातील दहांपैकी चार माणसे झोपडपट्टीत राहत होती.

या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती गिरणगावात. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप विरला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि यंत्रांपेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची आहे हे मालकांच्या ध्यानी आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले: एक महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकास. वाटे न्याय्य होते की नाही यावर वाद घालता येईल. परंतु वाढलेल्या मोलात शहराचा हिस्सा आहे, ही कबुली तरी त्यात होती. २००१ मध्ये वाटे तीनच राहिले, वाटणीला घ्यावयाची जमीन तेवढी बदलली. जिच्यावर बांधकाम नाही तीच वाटावयाची असे ठरले. आणि गिरणीच्या आवारात बांधकामाखेरीज उरते ते किती? एका शब्दाने शहराचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निराळा अर्थ लावला होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली.

कामगारांसाठी २०१२ पासून सोडती निघू लागल्या. अर्जदार लाखाहून अधिक, घरे काही हजार. ज्यांचे नशीब फळले त्यांनी काही वर्षे घर विकू नये, अशी अट घालण्यात आली. घरांचा व्यापार होऊ नये म्हणून ती रास्तच म्हणावी लागेल. त्याच जमिनींवरच्या मनोऱ्यांतील सदनिका मात्र इमारत पुरी होण्याआधीच विकल्या जात होत्या, आणि त्या घेणाऱ्यांतील कित्येकांचा तेथे राहण्याचा विचारही नव्हता.