विचारलं कोणाला?

आत्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यातली. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर हजारो बाया चालत आल्या, त्यांच्यात ती होती. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी त्या पदयात्रेच्या पुढे होत्या. मी नागपूर खंडपीठात वकिली करते आणि सरकारनं माणसाच्या पेल्यात डोकावू नये या मताची आहे. त्यामुळे धंतोलीतल्या आमच्या घरात हा वाद जुनाच. यंदाही अधिवेशन लागलं, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर बॅरिकेड आले आणि विषय निघाला.

“बंदीनं मिळवलं काय, आत्या? १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर कोरडं झालं, २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. मधे दारू येतच होती. चोरून आणि महाग, एवढाच फरक.”

“येत होती. पण चौकात दुकान नव्हतं. मजुरी घेऊन घरी येणाऱ्याच्या वाटेत भट्टी नव्हती. हे तुले नागपुरातून दिसत नाही, बाप्पा.”

“आणि जो बेतानं पितो, बायकोची तक्रार नाही, पोरं शाळेत आहेत, त्याचा हक्क तुम्ही का काढून घ्यायचा?”

“जिचा नवरा मजुरी पिऊन येते, तिचा हक्क कोणी काढला? तू हिशेबात पिणारा एकटाच धरून राहिली. घरात पाच माणसं असतात.”

आत्याचं हे म्हणणं दीडशे वर्षं जुनं आहे. १८७३च्या डिसेंबरात अमेरिकेत ओहायोतल्या हिल्सबरो गावच्या बाया गुत्त्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थनेला बसल्या, त्या याच कारणानं. पुढच्याच वर्षी त्यातून स्त्रियांची ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघटना उभी राहिली. १८७९ पासून फ्रान्सेस विलार्ड तिच्या अध्यक्ष होत्या. विलार्डबाईंची चलाखी म्हणा की दूरदृष्टी, त्यांनी दारूबंदीच्या पोटात मताधिकार घातला: घर वाचवायचं तर बाईच्या हाती मत हवं. हक्क म्हटलं की बिचकणाऱ्या बायकांनाही हे पटलं. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ तिकडे होत्या. विलार्डबाईंशी त्यांचा स्नेह जमला, आणि १८८९ मध्ये निघालेल्या आपल्या अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात त्यांनी या संघटनेबद्दल आदरानं लिहिलं.

हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, “त्यांना मत नव्हतं म्हणून गुडघे टेकले. आम्हाले मत होतं, तरी चालत यावं लागलं.”

“पण पुढचं ऐक. १९२० मध्ये तिथे देशभर बंदी आली आणि १९३३ मध्ये गेली. घालवणाऱ्यांतही बायाच पुढे. पॉलिन सबिन नावाच्या बाईनं १९२९ मध्ये त्यासाठी संघटना काढली. आधी तीही बंदीच्या बाजूची होती. तिचं म्हणणं, चोरट्या दारूनं कायद्याचा धाकच गेला, पोरं बिघडली. म्हणजे तीही घराच्याच नावानं बोलत होती.”

आत्या लगेच बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्याकडेही झालं. बंदीतच एका गावची विधवा पव्वे विकायला लागली. दोन पोरं, हाताला काम नाही. तक्रार करायची की नाही, यावर आमच्या बायांच्या गटात भांडणं झाली.”

“मग?”

“केली तक्रार. ती आत गेली. तिला माल देणारा मोकळाच राहिला.”

“हे बरोबर झालं?”

“नाही झालं. पण नसती केली, तर तिच्या पव्व्यानं ज्यांची चूल बंद पडली त्या बायांना काय तोंड दाखवलं असतं?”

यावर मला कायद्यात उत्तर सापडलं नाही. मी वकिली पळवाट काढली. “बंदी उठवताना सरकारनंही हेच कारण दिलं ना? अवैध धंद्यात बाया आणि मुलं ओढली गेली म्हणून?”

“एवढी बायांची काळजी, तर बायांना विचारलं काऊन नाही?”

“लोकांकडून निवेदनं मागवली होती. रमानाथ झा यांची समिती होती.”

“निवेदन अन् मत एक आहे का? निवेदन एक माणूस दहादा देते.”

इथे मात्र मी तिच्या बाजूला गेले. अमेरिकेत बंदी रद्द करणारी घटनादुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांनी मंजूर केलेली नाही. राज्याराज्यांत त्यासाठी खास परिषदा भरल्या, त्यांचे प्रतिनिधी लोकांनी निवडले, आणि तोवर बायांनाही मत मिळालं होतं. तिथली ही एकच दुरुस्ती अशा रीतीनं झाली आहे. आपल्याकडे तर त्याहून सोपी वाट तयार आहे. २००८च्या नियमानुसार वॉर्डातल्या किंवा गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दुकानावर गुप्त मतदान होतं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा.

“त्यातही खोट आहे,” आत्या म्हणाली. “यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त आडव्या लागतात. मतालेच न आलेली बाई उभीतच मोजली जाते. धान कापायला गेलेलीनं काय करावं?”

ही खोट दुरुस्त व्हायला हवी. झालेल्या मतांतलं बहुमत पुरे. एका वॉर्डातलं दुकान बंद झालं तर बेतानं पिणाऱ्याला दुसऱ्या वॉर्डापर्यंत चालावं लागेल. एवढा त्रास त्याच्या हक्काला मी सोसायला लावेन. आख्ख्या जिल्ह्याची बंदी मला अजूनही पटत नाही. वर्ध्यात ती १९७०च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून आहे, हे माहीत असूनही.

“अन् त्या विधवेचं?” आत्यानं विचारलं. “तिचं उत्तर मतपेटीत आहे का?”

“नाही.”

“मग तिले काम द्या म्हणून पुढचा मोर्चा.”

विधवेच्या प्रश्नाला बंदीही पुरत नाही आणि खुलं दुकानही. पण चंद्रपूरचा प्रश्न बायांनी पायी चालत इथवर आणला होता, तेव्हा फेरविचारही त्यांच्याकडेच परत जायला हवा होता. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली, तेव्हा आडव्या बाटलीचा नियम तेरा वर्षं जुना होता आणि मतदारयाद्या तयार होत्या. मतदान घेतलं गेलं नाही.