हौसेचे कष्ट

नरकचतुर्दशीच्या पहाटे थंडी नसेल, तर दिवाळी अळणी लागते असे माझे मत आहे. अंगाला तेल चोपडून कुडकुडत न्हाणीघराच्या दाराशी उभे राहावे, आणि मग कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडावा. त्या तांब्यातले निम्मे सुख थंडीनेच दिलेले असते. पण ही थंडी गोड का लागते? तिच्या शेवटी कढत पाणी आहे हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. जिच्या शेवटी काहीच नाही, अशा थंडीचे गोडवे कोणी गायल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हा विचार मला सुचला तो माझ्या पुतण्यामुळे. आम्ही वाकडला राहतो. पुतण्या हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. पगार चांगला, दाराशी मोटार. तरीही पौषाच्या कडाक्यात, सुटीच्या दिवशी, हा पहाटे चारला उठतो, डोंगरवाटांसाठी केलेली जाड टायरांची सायकल बाहेर काढतो आणि अंधारात नाहीसा होतो. माणवरून कासारसाईच्या धरणाकडे, तिथून चांदखेडच्या शिवारातून पवनेच्या खोऱ्यात; बांधावरून, ढेकळांतून, दवाने निसरड्या झालेल्या गाडीवाटांवरून दीडशे किलोमीटर तुडवून रात्री परततो. बोटे बधिर, ओठ फुटलेले, आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद!

मला हा आनंद कळत नसे. नुसता कळत नसे असे नाही, त्याचा रागच येई. कारण सायकल मीही चालवली आहे. वाकड १९९७ साली महापालिकेत गेले. त्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. तेव्हा इथे ज्वारीची राने होती आणि मी चिंचवडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात असे. थंडीच्या दिवसांत कानाला मफलर गुंडाळून, अंधारात, भोंग्याच्या धाकाने सातआठ किलोमीटर पायडल मारताना एकच विचार मनात असे: ही सायकल कधी सुटेल? स्कूटर घेतली त्या दिवशी ती भंगारवाल्याला दिली आणि मागे वळून पाहिले नाही. आणि आज माझ्याच घरातला मुलगा, माझ्या तेव्हाच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक किमतीची सायकल घेऊन, मी ज्यातून सुटलो त्यातच हौसेने जाऊन बसतो! मी एकदा त्याला बोललोही, "कष्टांची एवढी हौस असेल, तर कोणाच्या शेतात जाऊन ऊस तोड." तो काही बोलला नाही.

पुढे गंमत अशी झाली, की तो उसाच्याच शेतात अडकला. कासारसाईच्या बाजूला साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला, की मराठवाड्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि कोप्या घालून राहतात. एका पहाटे तिथल्या वाटेवर पुतण्याची साखळी तुटली. थंडी मी म्हणत होती. चुलीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला जाळाशी बसवून कोरा चहा दिला आणि विचारले, "ह्याचं काय मिळतं रं बाबा?"

"काही नाही मावशी. उलट पदरचेच जातात."

"मग कशापायी?"

पुतण्याला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर तो प्रश्न त्याने माझ्यापुढे टाकला. मी मनात म्हटले, बाईने माझ्या बाजूने निकाल दिला!

पण निकाल इतका सोपा नव्हता. मला वेदांगी कुलकर्णी आठवली. पुण्याची ही मुलगी २०१८ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जगातली सर्वांत वेगवान स्त्री ठरावे, ही तिची ईर्ष्या होती. कॅनडात अस्वल पाठीस लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात हिमात तंबू ठोकून एकटीने रात्री काढल्या. पारा उणे वीसपर्यंत उतरला होता. त्यातच ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने आपली प्रदक्षिणा १२४ दिवसांत पुरी केली. वेदांगीला मात्र कोलकात्यापर्यंत चौदा देश आणि २९,००० किलोमीटर व्हायला १५९ दिवस लागले, डिसेंबर उजाडला. आणि तिथूनही उरलेले पंधरा किलोमीटर पुरे करण्यासाठी तिला पुन्हा पर्थला जायचे होते.

विक्रम हातचा गेल्यावर विमानाचे तिकीट काढून घरी येण्यास तिला कोणाची बंदी होती? मला तर वाटते, तिची खरी हौस तिथूनच सुरू झाली. विक्रमासाठी सोसलेले कष्ट हे एका अर्थी मजुरीचेच कष्ट. मोबदला गेल्यावरही जे सोसले, ते तिचे स्वतःचे. माझ्या सायकलीत नेमके हेच नव्हते. तिच्यावर मी बसत असे, पण ती हाकत असे भोंगा.

यावर कोणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान झाले. मीही तसे म्हणालो असतो. पण आमच्या दारावरूनच एक उत्तर दरवर्षी जाते. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि आकुर्डीला मुक्काम करते. तिच्या मागे चालणारी माणसे पाहा. वर्षभर नांगरणारी, खुरपणारी, रात्रीची वीज आली की कडाक्याच्या थंडीत गव्हाला पाणी धरणारी. ज्यांना कष्टांची वाण कधीच नव्हती, अशी ही माणसे. आणि तीच आपण होऊन सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालतात! पोटासाठी सोसलेल्या कष्टांनी त्यांचे समाधान होत नाही. आपले म्हणता येईल असे काही सोसणे त्यांनाही हवे असते. त्यात विठ्ठलाची भक्ती आहेच, आणि सायकलस्वाराला मी वारकरी म्हणणार नाही. पण हौसेने चालण्याचा हक्क केवळ श्रीमंतांचा नाही, एवढे ही वारी मला सांगते.

तरीही त्या म्हातारीचा प्रश्न संपत नाही. पुतण्याच्या थंडीच्या शेवटी कढत पाणी आहे. तिच्या थंडीच्या शेवटी उद्याची थंडी आहे. हौसेच्या कष्टांतून कोणत्याही क्षणी उठून जाता येते आणि हाच त्यांच्यातला सर्वांत महाग भाग आहे. सायकल त्या मानाने स्वस्त. म्हणून ज्याने हौसेने थंडी सोसली, त्याला नाइलाजाने थंडी सोसणारा अधिक स्पष्ट दिसला पाहिजे. तसा दिसला नाही, तर ती हौस नव्हे, मिजास. पुतण्या पूर्वी घरी आला की किलोमीटर सांगे. त्या दिवसापासून तो त्या कोप्यांविषयी बोलू लागला. तिथल्या पोरांच्या अंगावर स्वेटर नव्हते, हे त्याने मला दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही, कारण तोवर तो ते घेऊन गेला होता.

गेल्या पाडव्याला मी त्याला म्हटले, "तुझ्या त्या सायकलची बैठक जरा खाली कर." त्याने डोळे विस्फारले, पण केली. पहाटे एकटाच मुळा नदीच्या पुलापर्यंत गेलो. गुडघे कुरकुरले, कान गारठले. पण कुठे भोंगा वाजणार नव्हता. येताना रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक रखवालदार समोरून आला. त्याच्या सायकलला दिवा नव्हता, गळ्यात मफलर होता. माझ्याकडे पाहून तो हसला. हौशी म्हातारा दिसतो, असे त्याला वाटले असावे. मला त्याला थांबवून सांगायचे होते की, बाबा, मी तुझ्याच वाटेने आलो आहे. पण त्याला घरी जायची घाई होती, आणि मला नव्हती.