बोलायचं कुणाला?

उधव्याहून तलासरीला जाणाऱ्या जीपमध्ये दहाव्या माणसाला बसायला जागा मिळत नाही, पण मत मांडायला हमखास मिळते. परवा शेजारच्या आजोबांनी मला गाठलं. "साहेब, तुम्ही बँकेतले. पंचायतीनं काम कंत्राटदाराला दिलं नि ते बिघडलं, तर बोलायचं कुणाला?"

बँकेतल्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. आमची बायको तेवढी अपवाद. मी लगेच अंदाजपत्रकात शिरलो. "पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता..."

"ते ठीक. पण बोलायचं कुणाला?"

मी गप्प. कारण मला आमची एक जुनी शाखा आठवली. तिथं झाडणारी बाई आधी आमची होती, मग एजन्सीची झाली. बाई तीच, झाडू तोच, केरही तोच. फक्त दोन महिने पगार आला नाही. तिनं मला विचारलं. मी लेजरमध्ये डोकं घालून म्हणालो, "एजन्सीला विचारा." नियमाप्रमाणे उत्तर अचूक होतं. त्या दिवशीही तिनं माझ्या टेबलाखालचा केर काढला. संध्याकाळी हिशेब पैशासकट जुळला. माझंच काही जुळेना.

काम बाहेर देण्यात पाप नाही. राज्य सरकारनंही सप्टेंबर २०२३ मध्ये कंत्राटी माणसं पुरवायला नऊ संस्था नेमल्या होत्या. ओरड झाली, तेव्हा ऑक्टोबरात निर्णय मागे घेतला. गावचा पंप पगारी माणसानं दुरुस्त करावा की कंत्राटदारानं, हा नफा-तोट्याचा प्रश्न. पण हात भाड्यानं मिळतात, जबाबदारी मिळत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आमच्या तलासरीतही, पंचायतीनं खर्चलेल्या पैशाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायला सांगितलं आहे, कंत्राटदाराकडून नव्हे. हे सगळं मी आजोबांना समजावलं.

"म्हणजे बोलायचं पंचायतीलाच," जीपमधून उतरता उतरता ते म्हणाले.

"हो."

"मग मघापासून ते साठ टक्के कशाला सांगत होतात?"

घरी आलो. भाजी आणायचं काम मी सकाळीच चिरंजीवांवर सोपवलं होतं. वांगी किडकी निघाली. मी म्हटलं, "त्याला विचार."

त्याला कुणीही काही विचारलं नाही. आमच्या घरात हा कायदा १९९६ च्या आधीपासून लागू आहे.