प्रेक्षकाचे सर्वनाम : गुडघा, शोक आणि ‘आपण’

१

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवरून फुटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या प्रेक्षकाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले, तर त्यात एक व्याकरणिक घटना पुन:पुन्हा घडताना आढळते. संघ जिंकला असेल, तर तो म्हणतो, ‘आपण जिंकलो’. गोल एकाच खेळाडूने मारलेला असतो. तरीही ‘आपण दुसरा गोल केला’ असेच वाक्य होते. मात्र त्याच सामन्यात संघाचा हुकमी खेळाडू धावता धावता वळला, गुडघा धरून कोसळला आणि त्याला उचलून बाहेर न्यावे लागले, तर वाक्याची रचना बदलते. ‘त्याचा गुडघा गेला’ असे प्रेक्षक म्हणतो, आणि क्षणभर थांबून विचारतो, ‘आता आपलं काय?’ यश प्रथमपुरुषी, वेदना तृतीयपुरुषी आणि नुकसान पुन्हा प्रथमपुरुषी, असा हा क्रम आहे.

या क्रमात काही नैतिक गफलत आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मराठीला तो विशेष तीव्रतेने विचारता येतो, कारण मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. प्रेक्षक ‘आम्ही जिंकलो’ असे म्हणू शकला असता. पण त्या ‘आम्ही’त खेळाडू असेलच असे नाही. ‘आपण’ म्हणताना तो खेळाडूला, स्वत:ला आणि ऐकणाऱ्या शेजाऱ्याला एकाच कर्तृत्वात ओढून घेतो. हे सर्वनाम म्हणजे एक दावा आहे, आणि प्रत्येक दाव्यासोबत काही दायित्व येते काय, हे तपासणे समीक्षेच्याही कक्षेत बसते. कारण प्रेक्षकाच्या तादात्म्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने साहित्यमीमांसेनेच केलेला आहे.

२

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे प्रथम आठवते. वाचक स्वत:ची भूमिका न सोडता परभूमिकेत प्रवेश करतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे मूळ असते, असा तिचा आशय आहे. फुटबॉलच्या प्रेक्षकाचे ‘आपण’ हे या अवस्थेचे चांगले उदाहरण म्हणावे लागेल. बाकावर बसलेल्या माणसाचा पाय चेंडू मारल्यासारखा नकळत उचलला जातो. तरी आपण मैदानात नाही, हे भान त्याला पूर्णपणे सुटलेले नसते.

परंतु केळकरांच्या वाचकाला एक सोय आहे, ती या प्रेक्षकाला नाही. ज्या परभूमिकेत वाचक शिरतो ती कल्पित असते. रंगभूमीवर मेलेला नट पडदा पडल्यावर उठून उभा राहतो. मैदानावर पडलेला खेळाडू मात्र अनुकरण करीत नसतो. त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध खरोखर तुटलेला असतो. समाधीतील ‘विकल्प’ येथे सौम्य भान म्हणून राहत नाही. तो धक्क्यासारखा परत येतो. आतापर्यंत ‘आपण’ असलेला देह एकाएकी ‘तो’ होतो.

अभिनवगुप्ताच्या परिभाषेत हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल. त्याने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. भावना केवळ स्वत:ची किंवा केवळ दुसऱ्याची असे मानून ती विशिष्ट देशकालाला जखडून टाकणे हे एक. आणि प्रेक्षक स्वत:च्याच सुखदु:खाने विवश झालेला असणे हे दुसरे. ही विघ्ने दूर झाली की भावनेचे साधारणीकरण होते आणि शोक हा करुणरसाचा आस्वाद बनतो. फुटबॉलचा प्रेक्षक मात्र या दोन्ही विघ्नांसकट मैदानावर येतो. किंबहुना ती विघ्ने हेच त्याचे प्रवेशपत्र असते. आपल्या तालमीचा संघ हरू नये, या विवशतेवाचून तो चाहताच राहणार नाही. म्हणून खेळाडूचा गुडघा गेल्यावर त्याला होणारा शोक करुणरसात परिणत होत नाही. तो शोकच राहतो, आणि जो शोक आस्वादात विरघळत नाही त्याला दुसरी कोणतीतरी वाट हवी असते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त ज्यांना लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद म्हटले, त्या दोन ध्रुवांपैकी हा अनुभव नि:संशय पहिल्याकडे झुकतो, आणि लौकिक शोकाला लौकिक प्रश्न विचारणे भाग पडते.

३

यांपैकी एक वाट क्रोधाची आहे. क्रौंचवधाच्या कथेत वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, हे साहित्यशास्त्राने आवर्जून सांगितले. त्या श्लोकाचे स्वरूप शापाचे होते, याकडे मात्र त्याने त्या मानाने कमी लक्ष दिले. ऋषीचा शोक काव्य होण्याआधी, किंवा काव्य होतानाच, अपराध्याकडे बोट दाखवीत होता. प्रेक्षकाचा शोकही असाच निषाद शोधतो. आडवा आलेला प्रतिस्पर्धी, शिट्टी न वाजवणारा पंच, खडबडीत मैदान यांपैकी कोणीतरी दोषी ठरावे लागते, आणि पेठेपेठेतील जुने वैर अशा वेळी हाताशी असतेच.

गुडघ्याची दुखापत या शोधाला अनेकदा निरुत्तर करते. गुडघ्यातील पुढच्या क्रुसिएट अस्थिबंधाच्या बहुसंख्य दुखापती कोणाचाही धक्का न लागता होतात. पाय जमिनीवर रोवलेला असतो, धड वळते, वेग एकाएकी कमी होतो किंवा उडीनंतर पाऊल चुकीचे पडते, आणि अस्थिबंध तुटतो. निषादच नसलेला हा वध आहे. ज्या वळणासाठी प्रेक्षक त्या खेळाडूवर लुब्ध होता, त्या वळणातच ही दुखापत दडलेली असते. आस्वादाचा विषय आणि इजेचे कारण येथे एकच असल्याने प्रेक्षकाला पूर्णपणे बाहेरचा राहता येत नाही.

१२ एप्रिल २००० रोजी रोममध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोच्या बाबतीत जे घडले त्याचा उल्लेख येथे करायला हवा. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याला दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली होती. सुमारे पाच महिन्यांनी तो इंटर मिलानकडून लाझिओविरुद्ध इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच, चेंडूवरून पाय फिरवून हुलकावणी देताना, कोसळला. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध पूर्ण तुटला होता. शाप द्यावा असा कोणीही समोर नव्हता.

विश्वचषकाच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या खेळाडूंचे भव्य फलक लावणाऱ्या कोल्हापूरला ही कथा परकी नाही. मात्र ती सांगितली जाते ती शेवटाकडून. २००२ च्या विश्वचषकात रोनाल्डोने आठ गोल केले, त्यांतले दोन अंतिम सामन्यात. म्हणून २००० सालची वेदना ही त्या विजयाची प्रस्तावना ठरली. पुनरागमनाची कथा ही शोकाची दुसरी वाट आहे, आणि ती क्रोधापेक्षा सभ्य असली तरी नैतिकदृष्ट्या निर्धोक नाही. तिच्यामुळे दुखापतीला अर्थ मिळतो. पण तो अर्थ केवळ परतणाऱ्यालाच मिळतो. जो परतत नाही त्याचा गुडघा कथानकाबाहेर पडतो. शिवाय ही कथा ऐकून वाढलेला प्रेक्षक जायबंदी खेळाडूला पहिला प्रश्न विचारतो तो ‘कधी उतरणार?’ हा. अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर साधारणत: नऊ महिने तरी स्पर्धात्मक खेळ टाळावा, घाई केल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका वाढतो, असे वैद्यक सांगते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मोंतेविदेओमध्ये उरुग्वेविरुद्ध जायबंदी झालेल्या नेमारला, जगातील उत्तमोत्तम उपचार हाताशी असूनही, पुन्हा सामन्यात उतरायला सुमारे एक वर्ष लागले. ‘कधी उतरणार?’ या प्रश्नात माया असते, यात शंका नाही. पण तिच्या आड ‘आता आपलं काय?’ हा प्रश्नही लपलेला असतो. अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्याला पट्टी बांधून मैदानात उतरणाऱ्या मुलाला हे दोन्ही प्रश्न एकाच आवाजात ऐकू येतात.

४

येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाने तिकीट काढले, घसा बसेपर्यंत ओरडून संघाला बळ दिले. याहून अधिक त्याचे देणे काय लागते? खेळ ही स्वेच्छेने पत्करलेली जोखीम आहे, आणि परक्याच्या वेदनेचे ओझे बाकावर बसलेल्या माणसावर टाकणे हा भावनिक अतिरेक होय.

दूरच्या, धनाढ्य खेळाडूबाबत या आक्षेपात तथ्य आहे. नेमारच्या उपचारांची चिंता कोल्हापूरच्या चाहत्याने करण्याचे कारण नाही. पण येथील फुटबॉलची घडण निराळी आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही संघांची नावे मुळात तालमींची आहेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या वस्तीनेच पुढे फुटबॉलचा संघ उभा केला. त्यामुळे येथे खेळाडू बहुधा गल्लीतलाच असतो. सामन्यानंतर तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून नाहीसा होत नाही. दुसऱ्या दिवशी लंगडत कोपऱ्यावर येतो. साधारणीकरणाला लागणारे अंतरच येथे उपलब्ध नसते. उलट, अलीकडच्या काळात बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडूही तालमींच्या संघांतून खेळले आहेत. त्यांना गल्ली नाही. त्यांच्यापैकी एखाद्याचा गुडघा गेला, तर ‘आपण’ या सर्वनामाची खरी कसोटी लागते; कारण तेथे शेजारधर्माचा आधार नसतो, केवळ उच्चारलेल्या शब्दाचा असतो.

शब्दामागे उभे राहणे म्हणजे काय, याचे उदाहरण कुस्तीच्या इतिहासात आहे. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाणार होते आणि पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम महाविद्यालयात त्यांचे प्राचार्य असलेल्या खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कांस्याचे होते. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीत कोणी ‘आपण पदक जिंकलं’ असे म्हटले असेल, तर ते वाक्य व्याकरणाने आणि व्यवहारानेही खरे होते. त्या ‘आपण’मध्ये एक घर गहाण पडलेले होते.

परंतु कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी खाशाबांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ती संधी गेली. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले होते. दीर्घ सेवेनंतरही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. पदकापर्यंत ‘आपण’ असलेला समाज गुडघ्यानंतर ‘ते’ म्हणू लागला. येथे कोणा एकाला दोष देता येत नाही. निषाद येथेही सापडत नाही. फक्त सर्वनाम बदलले, आणि ते बदलल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

५

मग प्रेक्षकाने ‘आपला गुडघा गेला’ असे म्हणावे काय? तसे म्हणणे खोटे ठरेल. वेदना ही अहस्तांतरणीय असते. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री गुडघा ज्याचा ठणकतो त्याचाच ठणकतो, आणि तेथे ‘आपण’ म्हणणे म्हणजे त्याचे उरलेसुरले स्वामित्वही काढून घेणे होईल. ‘त्याचा गुडघा’ हा तृतीयपुरुष म्हणून सदोष नाही. उलट खेळाडू हा आपल्या इच्छेचे साधन नसून स्वत:चा देह असलेला माणूस आहे, याची पहिली प्रामाणिक कबुली त्या वाक्यात असते. गफलत आहे ती पुढच्या वाक्यात. ‘त्याचा गुडघा गेला’ येथून ‘आता आपलं काय?’ येथे उडी मारताना मधले एक वाक्य गळते : ‘आता त्याचं काय?’

सगळा नैतिक प्रश्न या गळालेल्या वाक्यात आहे. ते वाक्य उच्चारणे म्हणजे काही मोठा त्याग नव्हे. उपचाराच्या खर्चाची विचारपूस, व्यायामासाठी रोज कोणीतरी सोबत जाणे, कामावरच्या गैरहजेरीबद्दल मालकाशी बोलणे, आणि मुख्य म्हणजे ‘कधी उतरणार?’ हा प्रश्न नऊ महिने न विचारणे, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. प्रेक्षकाला वेदना वाटून घेता येत नाही. प्रतीक्षा मात्र वाटून घेता येते.

रसशास्त्राने प्रेक्षकाला विघ्ने दूर करायला शिकवले, कारण त्याच्यापुढे नाट्य होते. मैदानावरच्या प्रेक्षकापुढे माणूस आहे. त्याला एक विघ्न जपून ठेवावे लागेल. जो खेळाडू पुन्हा कधीच उतरणार नाही, ज्याच्या वाट्याला २००२ साल यायचे नाही, तो पुढच्या हंगामात त्याच बाकांवर कोठेतरी बसलेला असेल. गोल झाल्यावर शेजारचा माणूस उसळून ‘आपण गोल केला’ म्हणेल, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये आपण अजून आहोत असे त्याला वाटते की नाही, यावरूनच या सर्वनामाचा खरेखोटेपणा ठरेल.